सूर्य बुडाला की लगेच कॅमेरा बंद करू नका (कोकण किनारा, ओहोटी आणि पंचांग)

कातळशिल्प | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

दिवाळी जवळ आली की कोकणात येणाऱ्या मित्रांचे, नातेवाइकांचे फोन सुरू होतात. राहायची सोय काय, मासे कुठे चांगले मिळतील, आणि हल्ली तिसरा प्रश्न हमखास: "सूर्यास्ताचे फोटो कुठून चांगले येतात रे?" मी रत्नागिरीत असतो. नोकरी सांभाळून गेली बारा वर्षं संध्याकाळी कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर जातोय. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं.

'कुठून' याला फार डोकं लावावं लागत नाही. आपला किनारा डहाणूपासून रेडीपर्यंत पश्चिमेकडे तोंड करून बसलाय. बहुतेक कुठल्याही पुळणीवर उभे राहा, सूर्य समोर पाण्यातच बुडणार. खरा प्रश्न 'कधी' हा आहे, आणि त्याचं उत्तर घड्याळाइतकंच भिंतीवरच्या पंचांगात असतं.

आमच्याकडच्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. येईल तो पूर्ण भरतीचा तास. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे अष्टमीला सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. द्वितीयेला दीड वाजता. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, म्हणून द्वितीयेची ओहोटी पावणेआठच्या सुमाराला. हा ठोकताळा आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, बंदरागणिक बदलतो. पाण्यात उतरायचं असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टकच बघा. पण फोटोची संध्याकाळ निवडायला एवढं पुरतं.

आता हे सूर्यास्ताशी जोडून बघा. रत्नागिरीत नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनअखेरीस सव्वासातच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे दोन दिवस, म्हणजे ऐन उधाणात, त्या वेळेला पाणी लांब आत गेलेलं असतं आणि समोर ओल्या वाळूचं मैदान पसरलेलं असतं. तेच भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा), अष्टमी-नवमीला, पाणी वर चढलेलं असतं आणि तुम्हाला उभं राहायला सुरूच्या बनाखालची कोरडी पट्टी उरते. किनारा तोच, फोटो मात्र पूर्ण वेगळा.

मला ती ओली वाळू हवी असते. लाट येते, फेस पसरतो, पाणी मागे फिरतं. मागे फिरताना वाळूवर कागदासारखा पातळ थर ठेवून जातं. तो जिरेपर्यंत, दोन-तीन सेकंद, सगळं आकाश तुमच्या पायाशी असतं. मग कडेने वाळू कोरडी पडत येते आणि आरसा मध्ये मध्ये आक्रसत नाहीसा होतो. पुढची लाट आली की पुन्हा. या दोन-तीन सेकंदांसाठी मी गुडघ्यावर बसतो, कॅमेरा जमिनीपासून हातभर उंच धरतो. उभ्याने काढलात तर वाळूच जास्त दिसते. खाली बसलात की वाळू दिसेनाशी होते आणि नुसते रंग उरतात.

दुसरी गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हा धागा काढला. बिंब पाण्याला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत आपल्याकडे सव्वादोन ते अडीच मिनिटं लागतात. तेवढ्यात लोक पन्नास-साठ फोटो काढतात, बिंब गेलं की "चला, झालं" म्हणून पँटची वाळू झटकत गाडीकडे निघतात. भाट्याच्या किनाऱ्यावर हे मी रोज बघतो आणि रोज वाईट वाटतं. कारण आकाश त्यानंतर रंगतं. सूर्य क्षितिजाखाली गेला की उजेड खालून वर जातो आणि ढगांच्या पोटाला लागतो. आधी केशरी, मग गाजरासारखा लाल, मग जांभळट, शेवटी सगळ्यावर निळा रंग उतरतो. दहाव्या ते पंधराव्या मिनिटाला बहुतेक वेळा उत्कर्ष असतो. वीस-बावीस मिनिटांनी संपतं. तोवर थांबा. ढग नसले तरी थांबा, निळ्या आणि नारिंगीची हलकी उतरंड मिळते.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. उजेड मोजताना सूर्यावर मोजू नका, त्याच्या शेजारच्या आकाशावर मोजा. थोडा अंधारा फोटो चालतो, पांढरं फटक झालेलं आकाश नंतर परत मिळत नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा त्या तांबड्या रंगालाच दोष समजून तो कमी करतो, म्हणून 'डेलाइट' किंवा 'क्लाउडी'. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८ ते एफ ११. मागे फिरणाऱ्या पाण्याच्या रेघा हव्या असतील तर ट्रायपॉड लावून १/४ ते १/२ सेकंद. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा.

आणि एक जे मी किंमत मोजून शिकलो. तीन वर्षांपूर्वी आरे-वारेच्या कातळावर ट्रायपॉड लावून मी बॅगेतून फिल्टर काढायला वळलो. पाठ वळली तेवढ्यात लाट आली. कॅमेरा पडला नाही, पण पूर्ण भिजला. घाबरून खिशातल्या रुमालाने लेन्स पुसली आणि रुमालातल्या वाळूच्या कणाने काचेवर कायमचा ओरखडा पडला. पुण्यात एका दुरुस्तीवाल्याकडे दोन महिने ठेवला, तसाच परत आला. पहिली कमाई साठवून घेतलेला कॅमेरा होता. तेव्हापासून दोन नियम पाळतो. भरती चढत असताना कातळावर जायचं नाही, आणि समुद्राला पाठ दाखवायची नाही. खारा तुषार लेन्सवर बसला तर आधी फुंकणीने कण उडवायचे, मग गोड्या पाण्यात ओलसर केलेलं स्वच्छ सुती कापड, मग कोरडं. ट्रायपॉडचे पाय घरी आल्या आल्या गोड्या पाण्याखाली.

तुमचे अनुभव लिहा. कुठला किनारा, कुठला महिना, काय जमलं, काय नाही.

---

निळाई | रविवार, रात्री १०:२५

फार उपयोगी लिहिलंय, कातळशिल्पदादा. माझा प्रश्न अगदी बाळबोध आहे. माझ्याकडे कॅमेरा नाही, फोन आहे. दिवाळीत आईला घेऊन गुहागरला जातेय, तिचं माहेर तिथलं. सात वर्षांनी भाऊबीजेला मामाकडे जायला मिळतंय. फोनने काढलेल्या फोटोत सूर्य वाटाण्याएवढासुद्धा येत नाही. झूम केलं की फाटतो. फोनवर काहीच होणार नाही का?

---

कातळशिल्प | रविवार, रात्री १०:५०

निळाई, होणार, नक्की होणार. आणि तुम्ही दिवस किती छान निवडलाय ते बघा. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. वरचा हिशेब लावा: भरती दीडच्या सुमाराला, ओहोटी पावणेआठला. सूर्य सहा-सव्वासहाला मावळेल तेव्हा पाणी बरंच उतरलेलं असेल आणि अजून उतरत असेल. गुहागरची पुळण लांबलचक आणि सपाट, आरशाला उत्तम. शिवाय आकाश मोकळं असेल तर सूर्य गेल्यावर पश्चिमेला चंद्रकोर.

सूर्य लहान येतो यात फोनचा दोष नाही. सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश असतं. फोनची नेहमीची लेन्स खूप रुंद बघते, त्यामुळे चौकटीच्या उंचीचा शंभरावा भाग वगैरे सूर्याच्या वाट्याला येतो. तो मोठा दिसायला ३००-४०० मिलिमीटरची लेन्स लागते. फोनचं डिजिटल झूम नुसतं चित्र ताणतं. म्हणून सूर्याचा हट्ट सोडा. रंग, वाळू आणि माणूस धरा.

फोनच्या लेन्सवरचा बोटांचा तेलकट डाग आधी पुसा. सूर्यासमोर धरल्यावर सगळा धुरकटपणा तिथूनच येतो. मग पडद्यावर आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा म्हणजे उजेड तिथे पक्का होतो, आणि बोट खाली ओढून थोडा काळोख करा. एवढंच.

आईंना पाण्याच्या कडेला चालू द्या. पोझ देऊ नका म्हणावं, नुसतं चाला. तुम्ही मागे, खाली बसून.

---

पागोळी | सोमवार, सकाळी ७:१०

वाचनखूण साठवली. तिथीचा हिशेब आजोबा सांगायचे, पूर्ण विसरले होते. वाचताना त्यांचा आवाज ऐकू आला.

---

उलांडी | सोमवार, दुपारी १:३५

मी मालवणचा. वडील आणि दोन्ही काका रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) होते. फोटोवाल्यांसाठी आमच्या बाजूने थोडं लिहितो.

रापण ओढायची वेळ पुष्कळदा संध्याकाळची. दोन्ही बाजूंना दोराला माणसं लागलेली, मध्ये सोनेरी पाणी, जाळं जवळ येत जातं तसा वरती कुरवांचा, म्हणजे समुद्रपक्ष्यांचा, कल्ला. फोटोला याहून चांगलं काय असणार. पण दोर ओढणारा माणूस त्या क्षणी पोटाचं काम करत असतो. लोक दोराच्या आत येऊन उभे राहतात, जाळ्यावर पाय देतात, "काका जरा इकडे बघा" म्हणतात. आमचे वडील एकच सांगायचे, "आधी इचार, मगे काढ." विचारलंत तर शंभरातले नव्याण्णव जण हो म्हणतात, वर कुठे उभं राहिलं तर चांगलं दिसेल तेही सांगतात. आणि दोराला एक हात लावलात तर मग तुम्ही घरचेच. काढलेला फोटो नंतर पाठवा. माझ्या वडिलांचे तरुणपणचे शेकडो फोटो पर्यटकांनी काढले असतील, आमच्या घरात एकही नाही.

जागांबद्दल. दांडीच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ला समोर पाण्यात दिसतो, किल्ल्याच्या तटामागे सूर्य घ्यायचा सगळ्यांनाच असतो. पण सूर्य रोज एकाच जागी बुडत नाही. डिसेंबरात तो पश्चिमेच्या बराच डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे जातो, जूनमध्ये तेवढाच उजवीकडे. त्यामुळे थंडीत किल्ल्यामागे सूर्य हवा असेल तर किनाऱ्याने उत्तरेकडे चालत जायचं, उन्हाळ्यात दक्षिणेकडे. गेल्या वर्षी मे महिन्यात एक जण जानेवारीत काढलेला फोटो दाखवून मला विचारत होता की ही जागा कुठे गेली. जागा तिथेच होती, सूर्य सरकला होता.

गाडी पुळणीवर घालू नका, हे हात जोडून सांगतो. ओली वाळू घट्ट वाटते, चाक एकदा रुतलं आणि भरती फिरली की मग आम्हालाच दोर घेऊन यावं लागतं, आणि सगळ्याच गाड्या निघत नाहीत.

---

तिरफळ | सोमवार, रात्री ८:१५

उलांडी यांच्या मुद्द्याला थोडी पुस्ती जोडतो. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता देवगडला असतो.

२१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो. आपल्या अक्षांशावर, साधारण १७ अंश धरला तर, डिसेंबरात तो पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला सरकतो. एकूण पन्नास अंशांचा झोका. हात ताठ पुढे करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे वर्षभरात सूर्यास्ताची जागा पाच मुठी हलते. मुलांना हे पटवायला मी कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव सांगायचो. मावळतीचे किरण ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मूर्तीपर्यंत पोचतात, कारण जाताना आणि येताना सूर्य त्या एकाच जागी दोनदा येतो. तुमच्या आवडत्या माडामागे सूर्य आज सापडला असेल तर तारीख लिहून ठेवा. वर्षातून दोन तारखा मिळतील.

तीच मूठ वेळ सांगायलाही वापरा. बिंब क्षितिजाच्या वर एक मूठ असेल तर अजून चाळीसेक मिनिटं आहेत.

सूर्य तांबडा का होतो हे बहुतेकांना माहीत असतं: मावळतीला प्रकाशाला हवेच्या कितीतरी जाड थरातून यावं लागतं, निळा भाग वाटेतच विखुरला जातो. पण मला आजही थक्क करतं ते वेगळंच. बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली तुम्ही बघता तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेतून येताना किरण वाकतात, आणि क्षितिजापाशी ते वाकणं सूर्याच्या व्यासापेक्षा किंचित जास्तच भरतं. म्हणजे तुमच्या फोटोतलं ते शेवटचं बिंब हवेने उचलून धरलेलं असतं. ते दबलेल्या बुंदीच्या लाडवासारखं चपटं दिसतं तेही यामुळेच, खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते.

आता फिल्टरवाल्यांसाठी. पोलरायझर (पृष्ठभागावरची चकाकी कापणारा फिल्टर) लावून ओल्या वाळूचा आरसा काढायला जाऊ नका, तो आरसाच पुसून टाकतो. १९२१ साली सी. व्ही. रामन युरोपातून बोटीने परत येत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे निव्वळ आकाशाचं प्रतिबिंब, असं तेव्हा मानत. रामन यांनी निकोल प्रिझम डोळ्याला लावून पृष्ठभागावरचं प्रतिबिंब घालवलं, तरी समुद्र निळाच राहिला, उलट जास्त निळा दिसला. त्या प्रिझमने जे केलं तेच तुमचा पोलरायझर करतो. दुपारी पाण्याच्या आतले खडक दाखवायचे असतील तर जरूर लावा. संध्याकाळी काढून ठेवा.

एक कळकळीची सूचना: मोठी लेन्स लावून डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका. तांबडा दिसला तरी नाही. मागच्या पडद्यावर बघा. डोळा दुखत नाही आणि इजा होऊन जाते.

---

माजघर | सोमवार, रात्री ९:०५

तिरफळ सर, ते हवेने उचलून धरलेलं बिंब वाचून मुलीला लगेच दाखवलं. आता ती उद्या संध्याकाळची वाट बघतेय.

मी दापोलीची. हर्णैला संध्याकाळचा मासळी लिलाव आणि सूर्यास्त एकाच वेळी असतात, त्यामुळे तिथे गेलं की कुठे बघू असं होतं. पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या, टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बाया, मागे सुवर्णदुर्ग. उलांडी म्हणाले ते तिथेही शंभर टक्के लागू: विचारून काढा. लाडघरला वाळू नि गोटे तांबूस आहेत, संध्याकाळी त्यांचा रंग अजून गडद होतो.

पण मला लिहायचंय ते वेळासबद्दल. ऑलिव्ह रिडले कासवं आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन वेळासला हे काम उभं केलं. पिल्लं समुद्रात सोडतात ती सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे ऐन तुमच्या फोटोच्या वेळेला. पिल्लाला समुद्र कुठे आहे हे उजेडावरून कळतं, क्षितिजाकडचा मोकळा उजळपणा बघून ते चालतं. तिथे फ्लॅश मारला, फोनचा टॉर्च लावला, तर ते चुकतं. मी स्वतः पाहिलंय, तळहाताएवढंही नसलेलं पिल्लू मागच्या टॉर्चकडे वळलं आणि स्वयंसेवकाला धावावं लागलं. कृपया दोरीच्या मागे राहा, फ्लॅश बंद आहे ना ते घरूनच तपासून या. पिल्लाच्या मागे ओल्या वाळूवर उमटत जाणारी वल्ह्यांसारखी खूण, त्यात संध्याकाळचा रंग, हा फोटो फ्लॅशशिवाय फार सुंदर येतो.

---

रंगारी | मंगळवार, सकाळी ११:२०

सगळं पटलं, एका गोष्टीवर बोलायचंय. असे धागे निघाले की थोड्या वेळाने कुणीतरी येऊन म्हणतं की फोटोवर नंतर काम करणं म्हणजे फसवणूक. ते यायच्या आधीच लिहितो. डोळा एकाच वेळी उजळ आकाश आणि काळोखी होडी दोन्ही बघू शकतो, कॅमेऱ्याला ते तेवढं जमत नाही. होडीवरचं अंधारातलं लाकूड थोडं उजळलं तर मी डोळ्याला दिसलं तेच परत आणतोय. जेपेग काढलात तरी कॅमेरा आतल्या आत रंग ठरवतोच की.

---

कातळशिल्प | मंगळवार, दुपारी २:००

रंगारी, सावली उजळण्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. माझं दुखणं दुसरं आहे. हल्ली कोकणातल्या सूर्यास्ताचे फोटो म्हणून जे फिरतात त्यात आकाश जांभूळ फोडल्यासारखं असतं, समुद्र नारिंगी आणि माड निळे. ते बघून माणूस येतो, मार्च-एप्रिलच्या धुरकट संध्याकाळी उभा राहतो आणि म्हणतो, इथे काहीच नाही. मार्च-एप्रिलात धूळ आणि बाष्प इतकं असतं की सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच, दोन बोटं वर असताना, फिकट गुलाबी होऊन विरून जातो. त्या फिकटपणाचंही एक सौंदर्य आहे. समुद्र आणि आकाश यांच्यामधली रेघच नाहीशी होते, होडी अधांतरी दिसते. तो फोटो ओढून ताणून लाल केला की ती होडी मेली.

संध्याकाळी घरी आल्यावर मी लगेच फोटोला हात लावत नाही, पण वहीत रंग लिहून ठेवतो. 'पिकलेल्या रातांब्यासारखा', 'सोलकढीचा', 'जुन्या पितळेसारखा'. नंतर काम करताना वही उघडी ठेवतो. जेवढा लिहिलाय तेवढाच.

---

रंगारी | मंगळवार, दुपारी २:४०

वहीची कल्पना घेतली. मी नेहमी आठवणीवर अवलंबून राहतो, आणि आठवण दर वेळी थोडा रंग वाढवतेच. आजपासून लिहीन.

---

सड्यावरचा | मंगळवार, रात्री १०:३०

सगळे पश्चिमेकडे बघताहेत म्हणून पूर्वेबद्दल लिहितो. किनाऱ्यावर मागे माड आणि डोंगर असतात, पण सड्यावर (वरच्या कातळी पठारावर) चढलात तर दोन्ही बाजू मोकळ्या मिळतात. सूर्य बुडाला की पाठ फिरवा. पूर्वेच्या क्षितिजावर निळसर राखाडी पट्टा वर चढताना दिसेल, त्याच्यावर गुलाबी झालर. तो पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली, हवेवर पडलेली. पावसाळा संपल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा धुतलेली असते तेव्हा सगळ्यात स्वच्छ दिसते. पौर्णिमेला त्याच सुमाराला, त्याच बाजूने चंद्र उगवतो. कॅमेरा दोन दिशांना नाचवावा लागतो.

पावसाळ्यातही या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या असतात. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. मग एखाद्या संध्याकाळी ढगांची खालची कड फाटते आणि पाच मिनिटं सगळा सडा, ओलं गवत, डबकी, पेटल्यासारखी होतात. त्या पाच मिनिटांसाठी मी जूनपासून कॅमेरा तयार ठेवतो. घरी मात्र लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. आपल्या दमट हवेत एका पावसाळ्यात काचेला बुरशी लागते, आणि ती आत गेली की सहसा जात नाही.

---

उलांडी | बुधवार, सकाळी ९:००

सड्यावरचा, +१. अजून एक जमिनीवरचं. ओहोटीला ओल्या वाळूवर बारक्या कुर्ल्या वाळूच्या गोळ्या करून टाकतात, बिळाच्या भोवती चांदणीसारख्या ओळी. सूर्य अगदी खाली असताना मिरीएवढ्या गोळीची सावली बोटभर लांब पडते. सूर्याकडे पाठ न करता, आडव्या उजेडात काढा. लहानपणी आम्ही तासन्‌तास बघत बसायचो. पाऊल जपून टाका.

---

निळाई | भाऊबीजेनंतरचा शनिवार, रात्री ९:२०

परत आले. आधी मनापासून आभार, सगळ्यांचे.

भाऊबीजेला ओवाळणं आटपेपर्यंत पाच वाजून गेले होते. आई नको नको म्हणत होती, मामाच म्हणाला चल. पुळणीवर पोचलो तेव्हा सूर्य एक मूठ वर होता, तिरफळ सरांची मूठ मामाला करून दाखवली. क्षितिजाशी ढगांची दाट भिंत होती. सूर्य पाण्यापर्यंत पोचलाच नाही, भिंतीत गेला आणि सगळं राखाडी झालं. आजूबाजूची मंडळी उठून गेली. मीही फोन पिशवीत टाकला होता. मग 'वीस मिनिटं थांबा' आठवलं.

घड्याळ लावून बसले. अकराव्या मिनिटाला ढगांची वरची कड आधी तांब्यासारखी झाली, आणि मग एकदम वरचे सगळे पिंजलेले ढग गुलाबी. पाणी लांब गेलेलं, वाळू पूर्ण आरसा. आई आणि मामा पुढे चालत होते. दोघांच्या हातात स्वतःच्या चपला. सात वर्षांचं बोलणं साठलेलं, त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मी वाळूत बसले, उजळ भागावर बोट दाबलं, थोडा काळोख केला. डावीकडे वर चंद्रकोर होती, ती मला फोटो काढल्यावर दिसली.

एकच फोटो बरा आलाय, तो खाली जोडते. आईचा पदर उडालाय आणि खालच्या वाळूत तोच पदर उलटा दिसतोय.

---

कातळशिल्प | शनिवार, रात्री ९:४५

निळाई, कितीतरी वेळ बघत बसलो. चपला हातात घेतल्याने दोघांचे खांदे एकाच बाजूला किंचित झुकलेत, बहीण-भाऊ आहेत हे पाठमोरं असूनही कळतं.

क्षितिज उजवीकडे जरासं खाली उतरलंय, तेवढं सरळ करून घ्या. बाकी रंगाला हात लावू नका. आणि मोठा छापून घ्या, दोन प्रती. एक मामांना पाठवा.

---

उलांडी | शनिवार, रात्री १०:१०

मामांची प्रत नक्की पाठवा हां.